एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) ३.५ : पिशवीतला हायड्रॉलिक चुना जुन्या भिंतीवर किती चालतो?

आधी निकाल सांगतो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, भिंतीला हा चुना उत्तम; कुडाच्या, म्हणजे कांबट्यांवर माती लिंपलेल्या, भिंतीला चुकीचा. आणि भिंत नीट तयार केली नसेल तर दोन्हीकडे पैसे पाण्यात.

पिशवी २५ किलोची असते. माल बहुधा फ्रान्स किंवा पोर्तुगालहून येतो, त्यामुळे साध्या चुन्याच्या कितीतरी पट महाग पडतो. नावातला ३.५ हा आकडा म्हणजे २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती (दाब सोसण्याची ताकद), मेगापास्कल या मापात. सिमेंटच्या गोणीवरचे ४३ आणि ५३ हे आकडेही त्याच मापातले. मऊ जांभ्यावर सिमेंट का नको, याचं उत्तर या तुलनेतच आहे. भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंटचा कडक पापुद्रा असला की ओल आतच कोंडते, क्षार चिऱ्याच्या तोंडाशी साचतात आणि काही वर्षांत गिलावा चिऱ्याचा थर सोबत घेऊन सुटतो. साधा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर हळूहळू घट्ट होतो, साधारण महिन्याला एक मिलिमीटर. हायड्रॉलिक चुना पाण्यासोबतही घट्ट होतो, म्हणून दमट हवेत आणि जोत्याजवळच्या ओलसर पट्ट्यात तो जास्त भरवशाचा.

खरं काम मात्र पिशवी उघडण्याआधीचं. हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तेवढाच भाग काढायचा. ठणठणीत जुना चुना काढून टाकणं ही हौशी माणसाची सर्वांत महागडी चूक; तसा गिलावा पुन्हा बसवायला खर्चही लागतो आणि हातही लागतो. सिमेंटची ठिगळं मात्र सगळी काढा, छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरून, कडेकडून. ब्रेकर मशीन लावलं तर चिऱ्याच्या कडा फुटतात आणि मातीचे सांधे हलतात. प्लास्टिक पेंट किंवा डिस्टेंपर राहिला तर त्यावर चुना धरत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

सांधे १५ ते २० मिमी खोल उकरा. हीच नव्या गिलाव्याची पकड. सांध्यात वाळवीचे मातीचे पोपडे दिसले तर आधी तिचा बंदोबस्त करा, नंतर गिलावा. धूळ कोरड्या ब्रशने वरून खाली झाडायची. प्रेशर वॉशर नको, मातीची बांधणी वाहून जाते. पांढरे क्षार दिसले तर पाण्याने धुवू नका. ते विरघळून परत आत जातात. कोरडे झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि घराबाहेर टाका.

ओल खालून चढत असेल तर बाहेर जाऊन बघा. अंगणातली माती किंवा नवीन पेवर जोत्याच्या वर आले आहेत का? वळचणीचं पाणी भिंतीलगत पडतं का? हे दुरुस्त न करता आतून कितीही भारी चुना लावला तरी पुढच्या पावसाळ्यात तोच पट्टा फुगणार, आणि दोष चुन्याला.

चिऱ्यातले मोठे खड्डे आदल्या दिवशी भरून घ्यावेत: तोच चुना-वाळूचा माल, त्यात जांभ्याच्या कपच्या किंवा कौलाचे तुकडे दाबून. एका वेळी २० मिमीपेक्षा जाड थर चढवला तर तो लोंबतो किंवा चिरतो.

मग पाणी. जांभा पाणी ओढतो ते अंदाजापेक्षा फार जास्त. आदल्या संध्याकाळी एकदा भरपूर आणि लावायच्या तासभर आधी पुन्हा शिंपडायचं. भिंत गार आणि ओलसर लागली पाहिजे, चकाकता कामा नये. कोरड्या चिऱ्यावर लावलेला माल तासाभरात पांढरा पडतो. नखाने भुगा निघाला तर तो थर मेला समजावा, वरून पाणी मारून तो जिवंत होत नाही.

प्रमाण घनफळाने : एक भाग चुना, अडीच भाग वाळू. मोजायचं बादलीने, फावड्याने नव्हे. वाळू टोकदार कणांची आणि लहान-मोठे कण मिसळलेली हवी. समुद्राची वाळू तर नकोच, आणि गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांत भरतीचं पाणी बरंच आतवर येतं, म्हणून नदीची वाळूही गोड्या पाण्याने धुऊन घेतलेली बरी. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा. वर गाळाचा थर एकूण उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड बसला तर ती वाळू परत. कोरडं मिश्रण एकजीव करून पाणी थोडं थोडं घाला, दहा-पंधरा मिनिटं मळा, थोडा वेळ ठेवून पुन्हा मळा. माल सैल केला की लावायला सोपा जातो आणि वाळताना भेगाळतो. त्याच दिवशी संपवा. गवंडी प्रेमाने मूठभर सिमेंट टाकायला बघेल. टाकू देऊ नका.

एका पिशवीत साधारण ९५ लिटर माल होतो. १२ मिमी जाडीला हिशेबाने ८५ चौरस फूट, पण खडबडीत चिऱ्यावर आणि सांडलवंडीसह ७० धरा. पहिला हात दाबून लावायचा, जरा घट्ट झाला की तिरप्या रेघा ओढायच्या, आणि निदान आठवडाभर थांबून दुसरा. ओलं गोणपाट भिंतीपासून थोडं दूर टांगून चार ते सात दिवस दमटपणा राखावा. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरकडे जा.

आता कुडाची भिंत. कांबट्या हलतात, माती फुगते-आटते. त्यावर हा चुना ताठ पडतो आणि कांबट्यांच्या रेषेत भेगा देतो. तिथे कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला लोणा वापरा, एकास तीन वाळू, आणि एक-दोन इंच कापलेला काथ्या. (विरवताना चुना पाण्यात टाकतात, पाणी चुन्यात नाही, उलट केलं तर उकळून अंगावर येतो.) कुजलेल्या किंवा वाळवीने खाल्लेल्या कांबट्या बदला, सुटलेल्या बांधा, कांबट्यांमधल्या फटी मोकळ्या ठेवा. माल त्यातून पलीकडे जाऊन वळला तरच तो टांगून राहतो. टिकलेली माती काढू नका, तिच्यावरच ओलं करून लावा.

वेळेबद्दल एक तक्रार, मालाबद्दल नव्हे. चवथीआधी घर चकाचक हवं म्हणून लोक ही कामं ऐन पावसात काढतात. बाहेरची बाजू तेव्हा कुठल्याच चुन्याने होणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मार्चनंतर उन्हाच्या बाजूला सावलीचं कापड लावावं लागतं.

दुकानात मागताना "चुना द्या" म्हणू नका. सफेदीची भुकटी, पीओपी किंवा पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी हाती येईल. पिशवीवर एनएचएल आणि ३.५ छापलेलं बघा, उत्पादनाची तारीख वर्षाच्या आतली बघा, आणि पिशवी दाबून बघा. आत खडे लागले तर तिने दुकानातच पावसाळा पिऊन घेतला आहे, ती घेऊ नका.