ट्रू चक की डॉग चक?

लेथवर जॉब (कातायचा तुकडा) धरून फिरवतो तो चक. गोल किंवा षटकोनी बार असेल तर तीन जॉचा (पकडींचा) ट्रू चक. चावी फिरवली की आतल्या स्क्रोलमुळे (सर्पिल खाचेच्या चकतीमुळे) तिन्ही जॉ एकदम सरकतात, जॉब मिनिटभरात तयार. वापरातल्या चकला ०.०५ ते ०.१० मिमी रनआउट (फिरताना जॉबचं केंद्रापासून डगमगणं) असतोच. सगळं काम एकाच सेटिंगमध्ये उरकत असेल, तर त्याचं काही बिघडत नाही. उलटून धरायची वेळ आली की मात्र तोच रनआउट छळतो.

डॉग चकचे चारही जॉ सुटे. चौकोनी जॉब, वेडंवाकडं कास्टिंग, एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला असलेला जॉब), सगळं यात बसतं. आधी जॉ चकवरच्या गोल रेघांना जुळवून अंदाजे लावा, मग जॉबला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) टेकवून चक हाताने फिरवा. समोरासमोरच्या दोन जॉवर ०.४० मिमीचा फरक दिसला, तर जॉब ०.२० सरकवायचा, पूर्ण ०.४० नव्हे, नवी पोरं इथेच गोंधळतात. जास्त रीडिंगच्या समोरचा जॉ किंचित सैल, मग जास्तवाला आवळा. नंतर दुसरी जोडी. हात बसला की ०.०१ पर्यंत येतं.

पन्नास सारखे बुश (नळीसारखे छोटे भाग) काढायचे तर डॉग चकच्या नादी लागू नये. दुरुस्तीच्या कामाला मात्र मी तोच चढवतो.