दुसरे औषध कोणते: फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट की लेव्हेटिरासेटॅम?

आकडी पाच मिनिटांनंतरही थांबली नाही, तर पहिले औषध बेन्झोडायझेपिन या मेंदू शांत करणाऱ्या औषधांच्या गटातले द्यायचे, यात वाद नाही. त्यातले लोराझेपाम शिरेतून किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आणि एका वेळी जास्तीत जास्त 4 मिलिग्रॅम दिले जाते. श्वास मंदावेल या धास्तीने हा डोस निम्मा करण्याची सवय मात्र महागात पडते, कारण चालू राहिलेली आकडी श्वास त्याहून अधिक बिघडवते. एवढ्यानेही आकडी थांबली नाही, की दुसऱ्या औषधाची निवड करावी लागते.

केवळ गुणाच्या बळावर ही निवड होत नाही. बेन्झोडायझेपिनने न थांबलेल्या आकडीवर तीन औषधांची तुलना करणाऱ्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एसेट चाचणीत लेव्हेटिरासेटॅमने 47, फॉसफेनिटॉइनने (शरीरात गेल्यावर फेनिटॉइन होणाऱ्या औषधाने) 45 आणि व्हॅल्प्रोएटने 46 टक्के रुग्णांची आकडी आटोक्यात आली. त्यामुळे औषध शिरेत किती लवकर पोहोचते आणि ते देताना काय बिघडू शकते, हेच पाहावे लागते.

60 किलो वजनाचा रुग्ण धरा. किलोमागे 20 मिलिग्रॅमप्रमाणे त्याला 1200 मिलिग्रॅम फेनिटॉइन लागते आणि मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या पुढे जाता येत नसल्याने त्यातच 24 मिनिटे जातात. तेवढा वेळ ईसीजी आणि रक्तदाबावरून नजर हटवता येत नाही. हे औषध अतिशय अल्कधर्मी असते. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) मिसळले तर नळीत स्फटिक धरतात, आणि हाताच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपले तर हात जांभळा पडून सुजतो. फॉसफेनिटॉइन शिरेला सोसते व तिप्पट वेगाने देता येते, पण शरीरात त्याचे फेनिटॉइन व्हावे लागते आणि मॉनिटर काही सुटत नाही.

व्हॅल्प्रोएट किलोमागे 40 मिलिग्रॅम, दहा मिनिटांत देता येते. रक्तदाबाला ते सौम्य असले, तरी यकृताचा आजार, गर्भारपण किंवा मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) आजाराची शंका असल्यास ते टाळावे.

माझा कल लेव्हेटिरासेटॅमकडे आहे. किलोमागे 60 मिलिग्रॅम, कमाल 4500, म्हणजे या रुग्णाला 3600 मिलिग्रॅम. 500 मिलिग्रॅमच्या एकदोन व्हायल (औषधाच्या कुप्या) देऊन 'दिले' असे लिहिणे म्हणजे डोस न देण्यासारखेच आहे. माहितीपत्रक ते 100 मिलिलिटरमध्ये मिसळून 15 मिनिटांत द्यायला सांगते. परंतु सिरिंजने दोन ते पाच मिनिटांत दिलेले मोठे डोसही रुग्णांनी चांगले सोसल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसते, आणि बाटली व पंप जुळवण्यात जाणारी मिनिटे त्यामुळे वाचतात. मूत्रपिंड कमकुवत असेल तर पुढचे डोस कमी करावे लागतात. रुग्ण आधीपासून फेनिटॉइनवर असून गोळ्या चुकल्या असतील, तेव्हा मात्र मी फेनिटॉइनच्याच बाजूचा आहे.