नवा बल्बही लागत नव्हता

माझ्या मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब उडाला होता. बिघाड एवढाच. पैसे मात्र मी तीन गोष्टींचे मोजले: बल्ब, होल्डर आणि आरआर युनिट (दिव्यांना जाणारी वीज आवरणारा भाग). तेवढ्यात पंधरा-सोळा बल्ब सहज आले असते. ज्या युक्तीनं मला गुंडाळलं ती इतकी साधी आणि बघताना इतकी पटणारी होती, की माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानंही मान डोलावली असती. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहाटे अंधारात निघालो तर डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, लागेना. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारून पाहिला, लख्ख उजेड. मग जाताना अप्परवरच गाडी चालवली, समोरून येणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि संध्याकाळी घरी परतताना वाटेतल्या एका गॅरेजात शिरलो. तिथं मी फक्त "हेडलाइट लागत नाही" एवढंच म्हणालो. अप्पर लागतोय हे बोललोच नाही. माझी पहिली चूक ही, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं.

मेकॅनिकनं झटपट पुढचा डूम सोडवला, मागचा रबरी बूट ओढला, कपलर (बल्बला वीज देणारा वायरचा जोड) काढला, स्प्रिंगची क्लिप बाजूला सारून बल्ब बाहेर घेतला. एक नजर टाकून तो बल्ब त्याच्या मुठीत गेला आणि मूठ मागच्या पिंपावर उघडली. मग त्यानं फळीवरून एक बल्बचं खोकं घेतलं, माझ्यासमोर उघडलं, बल्ब कपलरला लावला, चावी फिरवली. अंधार.

"बघा साहेब, नवा बल्बही लागत नाही. म्हणजे लोचा मागं आहे."

यावर काय बोलणार? नवीन बल्ब डोळ्यांदेखत खोक्यातून निघाला आणि लागला नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट खुपली होती: त्या बल्बच्या काचेला आतून काळपट करडी झाक होती. पण नवीन बल्ब तसेच असतील, असं मीच मला समजावलं.

नवीन बल्ब तसे नसतात. हॅलोजन बल्बची काच आतून स्वच्छ, पारदर्शक असते. आत टंगस्टनची तार आणि थोडा आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असलेला वायू असतो. तापलेल्या तारेतून उडणारं टंगस्टन काचेवर बसू न देता पुन्हा तारेकडे न्यायचं, हे त्या वायूचं काम. काच आतून काळवंडलेली दिसली, तर तो बल्ब कुठेतरी जळून आलेला आहे असं समजा. आणि आत पांढरट पावडर दिसली तर काचेला चीर जाऊन हवा शिरलेली आहे. मेकॅनिकनं खोक्यातून काढलेला बल्ब मेलेला होता आणि तो फक्त दाखवण्यासाठी ठेवलेला होता. हे मला कळायला पुढे तीन आठवडे लागले.

बरं, तो "नवा" बल्ब कपलरला असताना त्यानं अप्परचं बटण दाबून दाखवलं का? नाही. मीही म्हणालो नाही.

मग निदान आलं. "आरआर युनिट गेलंय. जास्त करंट सोडतंय, बल्ब टिकत नाही. होल्डरही भाजलाय." ऐकायला हे अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते घातक. इंजिनातून निघणारी वीज बॅटरीला आणि दिव्यांना मानवेल अशी करणारा भाग म्हणजे आरआर युनिट, रेग्युलेटर-रेक्टिफायर. तो खरंच बिघडला तर व्होल्टेज चढतं आणि बल्ब भराभर जातात. व्होल्टेज ५ टक्क्यांनी जरी सतत जास्त राहिलं, तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. पण माझा बल्ब किती वर्षांनी गेला होता? गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा! भराभर जाण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय अशी शंका आली तर ती तपासायला मल्टिमीटर लागतो आणि दोन मिनिटं लागतात. इंजिन चालू ठेवून, थोडा रेस देऊन बॅटरीच्या टोकांवर मोजायचं. साधारण १४ व्होल्टच्या आसपास दिसलं की युनिट ठीक, १५ च्या वर चढत गेलं की गडबड. त्या गॅरेजात मल्टिमीटर भिंतीवर टांगलेला होता. त्याला कुणी हात लावला नाही.

मला म्हणाला, "तासाभरानं या." मी गेलो. ही दुसरी चूक. परत आलो तेव्हा गाडी तयार, डिपर-अप्पर दोन्ही झगझगीत, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. मी खूश! एका कागदाच्या चिठोऱ्यावर "हेडलाइट काम" असं लिहून खाली एक आकडा. जुने भाग मागायचं सुचलं नाही, आणि त्यानंही दिले नाहीत.

पंधरा दिवस बरे गेले. मग सेल्फ मारला की इंजिन कुरकुरायला लागलं. एके दिवशी नुसतं टकटक. त्यानंतर एका रात्री सिग्नलला थांबलो असताना प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला. माझ्या गाडीचा नसेल असं वाटलं. दिवा मिणमिणायला लागला तेव्हा पटलं.

दुसऱ्या दिवशी एका मित्राकडे गेलो. तो इलेक्ट्रिशियन नाही की मेकॅनिक नाही, पण स्वतःच्या गाडीची सगळी कामं स्वतः करतो. बूट काढला तर होल्डर एका बाजूनं वितळून पिवळा पडलेला आणि कपलरची एक पिन त्यात रुतलेली. बल्ब काढून त्यानं मला त्याची धातूची कडी वाचायला सांगितली. तिच्यावर कोरलेलं होतं: १२ व्होल्ट, १००/९० वॅट. माझ्या गाडीला लागतो तो एच४ प्रकारचा, ६०/५५ वॅटचा.

पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. ५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. ९० वॅटचा ओढतो साडेसात. वायर तीच, कपलर तोच, आणि इंजिन पुरवू शकतं ती वीजही तेवढीच. म्हणजे वायर तापणार, होल्डर वितळणार आणि बॅटरी हळूहळू उपाशी मरणार. तो "झगझगीत" उजेड हे त्या रात्री माझ्यावर केलेलं शेवटचं गारुड होतं. एवढा खर्च केल्यावर फरक दिसायला नको का?

आणि आरआर युनिट? ते आम्ही शेवटी पाहिलं. त्याच्या पंखांमध्ये गेल्या पावसाळ्याचा चिखल वाळून बसलेला होता. दोन्ही बोल्टांवर गाडी बनवताना मारलेली पिवळ्या रंगाची रेघ अखंड होती. बोल्ट एकदा फिरला असता तर ती रेघ तुटली असती. इंजिन चालू करून मोजलं: १४.१ व्होल्ट. युनिट पहिल्यापासून ठणठणीत होतं.

मग मित्रानं विचारलं, "त्या दिवशी अप्पर लागत होता?" मी हो म्हणालो, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं समजावलं. एच४ च्या एकाच काचेत दोन वेगळ्या तारा असतात. दोघींना वीज एकाच वाटेनं डिपरच्या बटणापर्यंत येते, तिथून पुढं वाटा फुटतात. अप्पर लागतोय म्हणजे बटणापर्यंतचं सगळं, बॅटरी, अर्थिंग, सगळं शाबूत. माझ्या गाडीत दोन्हींना फ्यूजही एकच, म्हणजे तोही शाबूत. उरलं काय? बल्बमधली डिपरची तार, नाहीतर बटणाचा किंवा कपलरचा एक संपर्क. यातलं निम्म्याहून जास्त नुसता बल्ब उजेडात धरून कळतं. तार तुटलेली डोळ्यांना दिसते.

योग्य बल्ब आणि नवा कपलर आम्हीच बसवला. बल्ब बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कडीला तीन कान असतात, ते एकाच दिशेनं बसतात, त्यामुळे उलटा लागायची भीती नाही. जोर लावावा लागत असेल तर तो चुकीचा बल्ब आहे. कान घासून बसवणारे महाभाग असतात, त्यांना करू देऊ नका. काचेला बोट लावायचं नाही, कडीलाच धरायचं. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला की ती जागा जास्त तापते आणि काच तिथं कमकुवत होते. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसून घ्यायचं. बूट नीट बसवायचा, नाहीतर आत ओल धरते. आणि हे सगळं इंजिन बंद, बल्ब थंड असताना. जळता बल्ब बोट सोलून काढतो.

त्यानंतर मी गॅरेजात परत गेलो. भांडायला नाही, निदान तसं ठरवून तरी नाही. चिखल आणि पिवळी रेघ यांचा फोटो दाखवला. मेकॅनिक जराही न चाचरता म्हणाला, "साहेब, युनिट आतून बदललंय. वरचं कव्हर तेच ठेवलं."

आरआर युनिटचं आतलं सगळं इपॉक्सीत ओतून घट्ट केलेलं असतं. दगडासारखं. ते "आतून" बदलता येत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हणाला. चिठोऱ्यावर भागांची नावंच नव्हती, तेव्हा पुढं वाद घालायला माझ्याकडेही काही नव्हतं. मी म्हटलं, सर्व्हिसिंग राहू दे, माझा मूळ बल्ब तेवढा दे. त्यानं पोऱ्याला हाक मारली. पोऱ्यानं पिंपातून ओंजळभर बल्ब काढून समोर ओतले, "यातला असेल बघा." सगळे काळवंडलेले. त्यातले दोन नव्याकोऱ्या खोक्यांत होते.