सिम्प्सन वाळवंटासाठी डिझेल: जेरी कॅन की मोठी टाकी?

ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट ओलांडायचं नक्की झालं, गाडीला टायर चढले, सस्पेन्शन झालं, रिकव्हरीचं (रुतलेली गाडी बाहेर काढायचं) सामान आलं, की उरतो तो डिझेलचा प्रश्न. जास्तीचं डिझेल जेरी कॅनमधून (हाताने उचलायच्या डब्यांतून) न्यायचं की गाडीची टाकीच बदलून मोठी बसवायची? मी दोन्ही वापरलं आहे, आधी कॅन आणि आता टाकी. हे लिहितोय ते मेलबर्नहून घरच्यांना घेऊन डबल कॅब (दोन ओळी सीटांच्या पिकअप) हायलक्ससारख्या गाडीतून निघणाऱ्यांसाठी. कंपनीचीच १३० लिटरची टाकी असलेली सेव्हन्टी सिरीज लँड क्रूझर ज्यांच्याकडे आहे, त्यांचं गणित वेगळं.

आधी हिशेब. पश्चिमेकडून निघालात तर माउंट डेअरला शेवटचा पंप. तिथून डॅलहौसीचे गरम पाण्याचे झरे, फ्रेंच लाइनचा ट्रॅक, पोपेल कॉर्नर करत पूर्वेकडचं बर्ड्सव्हिल गाव गाठेपर्यंत पाचशे किलोमीटरच्या आसपास काही नाही. हायलक्सची टाकी ८० लिटरची. टायरची हवा उतरवलेली, पाणी-सामानाने भरलेली माझी गाडी वाळूच्या टेकड्यांवर शंभर किलोमीटरला १८ लिटरच्या घरात पिते. म्हणजे भरल्या टाकीत साडेचारशे किलोमीटरही धड होत नाहीत, आणि टेकडी पहिल्या दमात चढली नाही तर त्याहून कमी. आणखी ६० लिटर हवेत. २० लिटरचे तीन कॅन घ्या किंवा १४० लिटरची टाकी बसवा, बेरीज तीच.

इतर वाटांना एवढी धास्ती नको. उडनाडाटा ट्रॅकवर मॅरी, विल्यम क्रीक, उडनाडाटा, मार्ला असे दोनशे-दोनशे किलोमीटरवर पंप आहेत. ग्रेट सेंट्रल रोडवरही सगळ्यात लांबचा टप्पा ३३० किलोमीटरच्या आसपास. तिथे कंपनीच्या टाकीवर निघावं, फार तर एक कॅन सोबत ठेवावा.

कॅनची बाजू लंगडी नाही. चांगले पोलादी तीन कॅन दोन-अडीचशे डॉलरांत येतात. टाकीला मला फिटिंगसकट दोन हजारांच्या घरात खर्च आला. सहलीहून आल्यावर कॅन गॅरेजमध्ये जातात, गाडी विकली तरी तुमच्याकडेच राहतात. आणि एक फायदा खरोखर मोठा आहे: डिझेल वेगवेगळं राहतं. कुठे पाणी मिसळलेलं डिझेल मिळालं तर आजच्या कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाला ते फार महागात पडतं. सगळं एकाच टाकीत असेल तर सगळंच बाद. कॅन असतील तर निदान काही लिटर चोख हाताशी असतात. वाटेत कोणी अडकलेला दिसला तर त्याला देणंही सोपं.

पण कॅनमधलं डिझेल कधीतरी टाकीत ओतावं लागतं, आणि माझा निकाल तिथेच लागला.

वीस लिटर डिझेल म्हणजे १७ किलो, पोलादी कॅनसकट एकविसाच्या आसपास. ते उचलून कमरेच्या वर तिरपं धरायचं. दुपारचा वारा सुटलेला असतो, कॅन हवा ओढताना मधूनच गचका देतो आणि धार नरसाळ्याबाहेर उडते. बायको चादर धरून वारा अडवत उभी, कारण टाकीच्या तोंडाशी वाळूचा कण गेलेला चालत नाही. हलवून चालू करायची सायफनची नळी मिळते, तिने कंबर नक्की वाचते. पण काम झाल्यावर ती आतून-बाहेरून डिझेलने माखलेली नळी ठेवायची कुठे? पिशवीत घातली तरी वास सुटतोच.

मग हात. घरी हे काहीच वाटत नाही, नळ असतो. वाळवंटात पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं मोजून नेलेलं असतं; डिझेलचा हात धुवायला साबणाबरोबर जेवढं पाणी लागतं, तेवढं ओतायला मन होत नाही. वाटीभर पाण्यात हात धुऊन संध्याकाळी भाजणी भिजवायला बसलं की तो वास पिठात उतरतो. त्यात दिवसभर कॉरुगेशनवर (कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांवर) हादरून एका कॅनच्या झाकणाचं वॉशर पाझरायला लागलं होतं. कॅनॉपीच्या (पिकअपच्या मागच्या बंद टपाच्या) आत, कोरड्या शिध्याच्या खोक्याशेजारी. थालीपीठ तव्यावर असतानाच कळलं होतं. मुलीने पहिल्या घासाला ताट बाजूला सारलं. दिवसभर वाळूत काढल्यावर गरम जेवण हाच त्या सहलीतला खरा आराम असतो, आणि तोच गेला. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी दोन हजार डॉलर? ज्यांचं जेवण डब्यातल्या बीन्सवर भागतं त्यांना कदाचित नाही पटणार. आम्ही रांधतो.

कॅन बाहेर, मागच्या ब्रॅकेटवर लावले तर वासाचा निम्मा त्रास कमी होतो, हे खरं. टपावर मात्र कोणालाच सुचवणार नाही. तीन भरलेले कॅन म्हणजे साठ किलोंहून जास्त वजन, आणि टेकडीच्या माथ्यावर गाडी तिरपी झाली की ते वजन नेमकं नको तिथे असतं. बर्ड्सव्हिलजवळची बिग रेड ही टेकडी चाळीसेक मीटर उंच आहे. हायलक्सची मोठी टाकी मूळ जागीच, मागच्या ॲक्सलच्या पुढे खाली बसते. वजन चेसिसलगत राहतं आणि गाडीचा तोल सांभाळला जातो.

टाकीचे तोटेही सांगितले पाहिजेत. पंपावर भरायला वेळ लागतो, फेस येऊन नोझल वारंवार बंद पडतं. डिझेलचा काटा सुरुवातीला हलत नाही आणि मग भराभर उतरतो, त्यामुळे नवख्याला घाबरल्यासारखं होतं. आणि टाकी मोठी झाली तरी गाडीची जीव्हीएम (माणसं-सामानासकट एकूण वजनाची) मर्यादा तीच राहते: ६० लिटर म्हणजे ५० किलो, ते दुसरीकडून कमी करावेच लागतात. सगळं भरून, सगळे आत बसून एकदा वजनकाट्यावर जाऊन या.

डिझेलच्या दराचा मुद्दाही लोक काढतात: मोठी टाकी पोर्ट ऑगस्टाला स्वस्तात भरता येते. बरोबर आहे. तरी आतल्या रोडहाऊसवर (वाटेवरच्या पंप-खानावळीवर) थोडं डिझेल, निदान जेवण घ्यावं असं मला वाटतं. ते पंप त्यावरच चालतात, आणि पुढच्याला ते चालू सापडायला हवेत.

तेव्हा सिम्प्सन एकदाच करायचं असेल, गाडी लवकर बदलायची असेल, तर कॅनवर भागेल. सायफन घ्या, कॅन बाहेर लावा, भरताना गाडीच्या ट्रेवर (मागच्या हौद्यात) न ठेवता जमिनीवर ठेवून भरा. पण मुलाबाळांसह पुन्हापुन्हा आत जायचा विचार असेल आणि खिसा सोसत असेल, तर माझं मत टाकीकडे झुकतं. दूषित डिझेलसाठी मी वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) बसवून घेतला आहे आणि एक कॅन अजून नेतो, मागच्या ब्रॅकेटवर.

सिम्प्सन दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च उन्हाळ्यासाठी बंद असतं. फिटिंग त्याच काळात उरकून घ्या. मग रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर मोजून भरत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा, आणि व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत (डोंगराळ भागात) एक फेरी मारून ब्रीदरची (टाकीत हवा जाण्या-येण्याची) नळी, होसचे क्लॅम्प आणि टाकीचे बोल्ट पुन्हा तपासा.