हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर बदलून दहा महिने : किमतीच्या आधी तेलाची बाटली बघा

आधी आकडा सांगतो, कारण बहुतेकांना तोच हवा असतो: ८४,००० रुपये. गाडी २०१७ चं मॉडेल, स्ट्राँग हायब्रिड सेडान (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी), सेकंड हँड घेतलेली, मीटरवर १,२३,००० किलोमीटर. इंजिन उत्तम, हायब्रिड बॅटरी ठणठणीत, आणि एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट १,१८,४०० रुपयांचं होतं. मी काम बाहेर, भोसरीत करून घेतलं. मे २०२५ मध्ये बसवला, आता मार्च संपत आलाय. दहा महिने आणि साधारण अकरा हजार किलोमीटर झाल्यावर लिहितोय.

ही सगळी हकीकत लिहायचं कारण मात्र ८४,००० चं बिल नाही. त्याच्या आदल्या वर्षीचं १,८०० रुपयांचं एक बिल आहे. त्यावर नंतर येतो.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता, पुण्यात पारा चाळिशीच्या वर. आईला गुडघ्याच्या तपासणीसाठी एरंडवण्यात नेलं होतं, परत येत होतो. म्हात्रे पुलावर गाड्या जागच्या हलेनात. मागून आई म्हणाली, "अरे, वारा गरम यायला लागलाय." फॅन चालू, एसीचा दिवा चालू, गारवा मात्र नाही. पाच मिनिटांनी पुन्हा गार झालं, राजाराम पुलापर्यंत पुन्हा गरम. आनंदनगरला पोचेस्तोवर तिच्या ब्लाउजची पाठ भिजून चिंब झाली होती. ती एका शब्दानेही कुरकुरली नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

पुढचे चार दिवस काचा खाली करून ऑफिसला गेलो, आणि तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते ना, तिच्यामागचा पंखा सतत घोंघावायला लागला. माझ्या गाडीत हायब्रिड बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे आहे आणि ती थंड ठेवायला हवा केबिनमधूनच ओढली जाते. केबिन तापली की बॅटरीलाही तापलेलीच हवा मिळते. बॅटरी तापली की गाडी तिच्यावरचा भार कमी करते आणि इंजिन जास्त वेळ चालवते. शहरात १७ चं अ‍ॅव्हरेज १४ वर आलं. आपल्या हायब्रिडमध्ये एसी ही चैनीची वस्तू नाही, हे मला गाडी घेऊन तीन वर्षांनी कळलं. (आई नेमकी त्याच जाळीवर आपली पिशवी टेकवून बसायची. आता पिशवी पायाशी असते.)

सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, वीस मिनिटांत कागद हातात ठेवला. कॉम्प्रेसर असेंब्ली, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, दोन पाइप, गॅस, मजुरी. मी विचारलं, कॉम्प्रेसरमधलं नेमकं काय गेलं? "सर, असेंब्लीच येते, आतलं काही सुटं मिळत नाही." ठीक आहे, पण गेला कशाने? "सर, वापराने जातो." पाइप बदलायची गरज काय? "सर, कंपनीची प्रोसिजर आहे." इतक्या पैशांच्या कामासाठी माझ्या वाट्याला ही तीन वाक्यं आली. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते असं मी भाबडेपणाने म्हटलं, तर त्यात कॉम्प्रेसर धरत नाहीत, हेही तिथेच कळलं. त्या दिवशी मी चिडलो होतो आणि दर महागडा आहे हे माझं मत आजही कायम आहे. एका बाबतीत मात्र मत बदललं. असेंब्ली आणि कंडेन्सर एकत्र बदलायला सांगितलं ते बरोबरच होतं. तिथे फक्त कोणी समजावून सांगत नव्हतं.

समजावलं भोसरीच्या मेकॅनिकने. हा माणूस आधी कंपनीतच हायब्रिडवर काम करायचा, आता स्वतःचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी बघायच्या आधी मलाच प्रश्न केला, "साहेब, शेवटचा गॅस कुठे भरला?"

मी म्हटलं, घराजवळच्या एका एसीवाल्याकडे. सर्व्हिस सेंटर ३,२०० मागत होतं, त्याने १,८०० मध्ये भरून दिला. चौदाशे रुपये वाचले म्हणून मला तेव्हा आनंदच झाला होता. ते म्हणाले, "बिल आहे?" मोबाइलमध्ये फोटो सापडला. त्यावर लिहिलं होतं: गॅस, ऑइल, डाय (गळती दिसावी म्हणून घालतात तो रंग).

ते काही बोलले नाहीत. बॉनेट उघडलं आणि पुढच्या आडव्या पट्टीवरचं एक पिवळट स्टिकर कपड्याने पुसून दाखवलं. त्यावर गॅसचं नाव, ग्रॅममध्ये वजन आणि खाली तेलाचं नाव: एनडी ऑइल ११. तीन वर्षांत शंभर वेळा बॉनेट उघडलं असेल, पाणी बघितलं, इंजिन ऑइल बघितलं, त्या स्टिकरकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

आता तेलाबद्दल सविस्तर लिहितो, आणि हे कोणी गाळून पुढे जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. साध्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. माइल्ड हायब्रिडमध्येही, म्हणजे जिथे छोटी मोटर इंजिनला फक्त मदत करते, बहुतेक तसंच. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसरला स्वतःची विजेची मोटर असते, म्हणूनच सिग्नलला इंजिन बंद असतानाही आपला एसी चालू राहतो. ही मोटर २०० व्होल्टच्या वरच्या विजेवर चालते आणि कॉम्प्रेसरच्या त्याच डब्यात बसवलेली असते. परत येणारा थंड गॅस आणि त्याच्यासोबतचं तेल मोटरच्या तांब्याच्या वाइंडिंगवरूनच वाहतं. म्हणजे हे तेल वंगणही आहे आणि विजेच्या तारेला चिकटून राहणारं, वीज बाहेर न जाऊ देणारं इन्सुलेशनही. त्यासाठी पीओई प्रकारचं तेल लागतं. साध्या गाड्यांच्या एसीत घालतात ते पीएजी तेल. त्यात ओलावा जास्त मुरतो आणि ते वीज अडवत नाही. पीएजी एखादा टक्का जरी मिसळलं तरी इन्सुलेशन झपाट्याने घसरतं. वीज कॉम्प्रेसरच्या बॉडीत गळायला लागते, गाडीच्या कॉम्प्युटरला ती गळती दिसते आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. प्रकरण वाढलं तर आयसोलेशन फॉल्ट (वीज बॉडीत गळत असल्याचा इशारा) येतो आणि गाडी 'रेडी'च होत नाही, म्हणजे चालायलाच तयार होत नाही, अशीही वेळ येऊ शकते.

बाटलीतून चुकीचं तेल ओतलं तरच असं होतं असंही नाही. गॅस भरायचं मशीन दिवसभर साध्या गाड्यांना लावलेलं असतं, त्याच्या पाइपात पीएजीचा अंश राहतोच. काही मशीनं गॅससोबत तेल आपोआप सोडतात. म्हणून हायब्रिडला मशीन वेगळं असावं, नाहीतर आधी ते नीट धुऊन घ्यावं. गॅस भरणाऱ्याला मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो, भाव नंतर.

जुना कॉम्प्रेसर काढल्यावर त्यांनी तो माझ्यासमोर पांढऱ्या बशीत कलंडवला. तेल हिरवट-काळं आलं. हिरवा रंग त्या डायचा. बोटाने चोळलं तर बारीक कचकच लागत होती. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला, काटा एक मेगओमच्याही खाली. नव्याला बसवायच्या आधी तोच मेगर लावला, तेव्हा काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. दोन्ही वेळी मी शेजारीच उभा होतो. कॉम्प्रेसर वयानेही गेला असेल अशी स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न मी केला, पण ती बशी बघितल्यावर ते जमेना. चौदाशे रुपये वाचवायला गेलो आणि आईला त्या उन्हात भाजत घरी आणलं, हे मला अजून टोचतं.

नवा घ्यायचा की जुना, यावर दोन दिवस घालवले. नाना पेठेत एकाकडे काढलेला कॉम्प्रेसर ३२,००० ला होता. चालू करून दाखवतो म्हणाला, पण त्याची दोन्ही तोंडं उघडी होती. पीओई तेलही हवेतला ओलावा ओढतं, आणि आत आधी कोणतं तेल गेलंय ते बाहेरून कळत नाही. ज्या गोष्टीने पहिला मेला तीच पुन्हा कशाला विकत घ्यायची? तोंडं सीलबंद असलेला नवाच घेतला. कॉम्प्रेसर ६१,५००, कंडेन्सर ८,९००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह २,४००, ओ-रिंग, तेल आणि गॅस मिळून ३,७००, मजुरी ७,५००. पाइप बदलले नाहीत. गॅसनेच धुऊन घेतले, सॉल्व्हंट वापरू दिलं नाही. कंडेन्सरच्या आतल्या बारीक नळ्यांतून घाण पूर्ण निघत नाही आणि ओलावा शोषणारी पुडीही त्यातच असते, म्हणून तो बदलायलाच हवा. एक व्यवहाराची गोष्ट: तेव्हा या मालावर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. एकट्या कॉम्प्रेसरवर आज सुमारे ४,८०० रुपये वाचले असते. तुमचा आता गेला असेल तर जुन्या बिलांच्या आकड्यांवर भाव ठरवू देऊ नका.

काम कसं चाललंय हे कुणालाही ओळखता येईल अशी एक खूण सांगतो. त्यांनी जाड रबरी हातमोजे काढले, प्रत्येकाचं मनगट गुंडाळत आतली हवा बोटांकडे दाबली आणि तो फुगा कानाशी धरून कुठे फुसफुसतोय का ते ऐकलं. सुईएवढं भोक असलं तरी तो मोजा बाद. मग डिकीतून बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि तो बाकावर न ठेवता स्वतःच्या खिशात घातला, म्हणजे आपण जास्त व्होल्टच्या केशरी तारांना हात लावत असताना दुसरं कोणी तो चुकून बसवणार नाही. त्यानंतर दहा मिनिटं कशालाच हात लावला नाही. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. पोऱ्या घाई करत होता, त्याला त्यांनी चहा आणायला पिटाळलं. तुमचा माणूस ही दहा मिनिटं थांबत नसेल तर किल्ली परत घ्या. पुढे नायट्रोजनने गळती तपासली, पाऊण तास व्हॅक्यूम लावलं आणि स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून सोडला.

आता दहा महिन्यांचा अनुभव. गाडी मिळाली आणि तीन आठवड्यांत पाऊस आला, गेल्या वर्षी मान्सून मे महिन्यातच उतरला होता. त्यामुळे गारव्याची परीक्षा लांबली, पण ताम्हिणीत काचेवरची वाफ अर्ध्या मिनिटात जात होती. एसी हवा कोरडी करतो, त्याचा खरा उपयोग तिथे कळतो. ऑगस्टमध्ये मात्र पोटात गोळा आला. सोसायटीत गाडी उभी, इंजिन बंद आणि पुढून घूंऽऽ असा चढता आवाज. वॉचमननेही विचारलं. नवा कॉम्प्रेसर खराब निघाला असं मी पक्कं धरलं आणि भोसरीला फोनवर जरा जास्तच बोललो. त्यांनी गाडी मागवून प्रेशर बघितलं, मग बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला. कंडेन्सरवर चिखलाचा थर बसला होता. उष्णता बाहेर पडत नव्हती, म्हणून कॉम्प्रेसर वेगाने फिरत होता. या कॉम्प्रेसरचा वेग इंजिनवर अवलंबून नसतो, गाडीचा कॉम्प्युटर गरजेप्रमाणे वाढवतो. हलक्या धारेने कंडेन्सर धुतला, आवाज निम्म्यावर आला. पैसे घेतले नाहीत. मी माफी मागितली.

ऑक्टोबरचं ऊन आणि आत्ताचा मार्च, दोन्हीत गारवा पहिल्यासारखा आहे. अ‍ॅव्हरेज १७ वर परत आलं. मागच्या जाळीचा पंखा आता मुद्दाम कान दिला तरच ऐकू येतो. विद्यापीठ चौकात इंजिन आपोआप बंद होऊनही आतली थंडी तशीच राहते, तेव्हा गाडी घेतल्याचं समाधान अजूनही वाटतं.

गेल्या रविवारी सोसायटीत उन्हाळ्याआधीचा एसी चेकअप करायला एक छोटा टेम्पो आला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची नवी हायब्रिड रांगेत तिसरी. मी तसाच खाली गेलो, त्यांना बॉनेट उघडायला लावलं आणि त्या मुलाला स्टिकर वाचायला सांगितलं. विशीतला पोरगा. त्याने मशीनवरची बाटली उचलून नाव पडताळलं, दोनदा. "काका, आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. सगळ्यांना एकच घालतो." तो खोटं बोलत नव्हता. गेलं वर्षभर मी ज्याच्यावर मनातल्या मनात चिडत होतो, तोही कदाचित असाच असेल.

त्याने वहिनींच्या गाडीला हात लावला नाही. स्टिकरचा फोटो काढला, पाइप गुंडाळून ठेवला. मग मी घरून माझा पीओईचा रिकामा डबा आणून दाखवला, त्याचाही फोटो काढला आणि विचारलं, "काका, हा नाना पेठेत कोणाकडे मिळेल?"