मार्खा की अन्नपूर्णा बेस कॅम्प: रात्री झोप कुठे लागते?

पहिला मोठा हिमालयातला ट्रेक ठरवताना बरेच जण या दोन नावांवर येऊन अडतात. मी दोन्ही केले, लडाखमधलं मार्खा खोरं आधी, नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प नंतर. दमछाक दोन्हीकडे सारखीच होते, त्यामुळे अवघड कोणता यात मी फारसा शिरत नाही. फरक हवेचा आहे, आणि त्याहून जास्त मुक्कामाच्या उंचीचा.

मान्सूनचे ढग अन्नपूर्णेच्या दक्षिण उतारावरच रिकामे होतात. पायथ्याजवळच्या लुम्लेत वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर हिमालयाच्या रांगांपलीकडे लेहला जेमतेम १००. म्हणून रजा जुलै-ऑगस्टमध्येच मिळणार असेल तर मार्खाच घ्या. तेव्हा अन्नपूर्णेच्या जंगलात जळवा असतात, आणि शिखरं दिवसदिवस दिसत नाहीत. मार्खात ओढे मात्र सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर जमत असेल तर माझं मन अन्नपूर्णेकडे झुकतं. कारण एकच, झोप.

लेहला विमानातून उतरलो ते थेट ३५०० मीटरवर. दोन दिवस नीट विश्रांती घेतली, डोकंही दुखलं नाही, त्यामुळे निर्धास्त होतो. पण मार्खाच्या वाटेवरच्या निमालिंगच्या मुक्कामी, ४८०० मीटरच्या आसपास, डोळा लागला की श्वास अडकायचा आणि मी दचकून उठून तोंडाने हवा ओढायचो. शेजारी मित्राचंही तेच. अंधारात त्याचे श्वास ऐकत पडलो होतो: चार-पाच मोठे, मग काहीच नाही, मग पुन्हा मोठे. विरळ हवेत आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि झोपेत श्वास काही सेकंद थांबतो. बहुतेकदा यात धोका नसतो, हे मला माहीत होतं. तरी झोप आली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशी साधारण ५२०० मीटरची कोंगमारू ला ही खिंड तशीच चढलो. इतक्या दिवसांच्या चालीचं सार्थक जिथे व्हायचं, तिथलं मला धड काही आठवत नाही, याची रुखरुख अजून आहे.

अन्नपूर्णेत उंची हळूहळू अंगावर येते. छोम्रोंगला, २१७० मीटरच्या सुमारास, दुपारी अंगात एक शर्ट पुरतो. पुढे बांबू, शेवाळलेली ओली झाडं, आणि देउरालीच्या वर झाडं संपून पहाटे हिम धरलेलं पिवळं गवत. चार दिवसांत हवामानाचे सगळे पट्टे पायाखालून जातात. मार्खात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऊन, वारा आणि कोरडी हवाच.

एक चूक इथेही होते. देउराली सुमारे ३२०० मीटर, बेस कॅम्प ४१३०, आणि अनेक जण हे एका दिवसात उरकतात. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम इथे मोडतो. आम्ही मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३७०० मीटरवर, राहिलो आणि पहाटे वर गेलो. झोप छान लागली होती, आणि दुपारचे ढग यायच्या आत सगळी शिखरं डोळे भरून पाहिली. परतताना छोम्रोंगच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, गुडघे कुरकुरतात, तेवढं सोसावं.

तरीही मार्खाच ठरला, तर निमालिंगच्या आधी थाचुंगत्सेला एक रात्र जास्त काढा. आम्ही ती वाचवली होती.