हलका सेफ्टी शूज घ्यायला गेलो आणि बारा जणांना गोत्यात आणलं

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, जिथे कुठे तुम्ही उभ्याने शिफ्ट काढत असाल, तिथे बूट घेण्याआधी हे वाचा. नुसते माझे चौदाशे-पंधराशे रुपये गेले असते तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या लाइनवरच्या एका पोराचं बोट मोडलं आणि तो बूट त्याने माझ्या शब्दावर घेतला होता.

मी प्रेस शॉपमध्ये आहे. आठ तास आणि वर चार तास ओटी, म्हणजे बारा तास ट्रिमिक्सच्या, म्हणजे कडक काँक्रीटच्या जमिनीवर. कंपनी वर्षाला एक जोड देते. कायद्याने तो फुकट द्यावाच लागतो आणि कंत्राटी माणसालाही मिळाला पाहिजे. पण स्टोअरला नेहमी आठ आणि नऊ नंबरच शिल्लक. मला लागतो सात, तोही रुंद पंजाचा. आठ नंबरात टाच आत-बाहेर होते, मग माणूस नाडी करकचून आवळतो आणि पायाचा वरचा भाग सुजतो. दोन वर्षांत करंगळीला कुरूप झालं, रात्री टाच जमिनीला टेकवत नव्हती. लाइनवर सगळ्यांची हीच रड. स्वतःचा बूट चालेल, फक्त आयएसआय हवा, असं सेफ्टी ऑफिसरांनी सांगितलेलं होतं.

मार्चमध्ये पहिली शिफ्ट सुटताना गेटबाहेर एक टेम्पो उभा दिसला. निळे डबे, एक चटई आणि एक गोड बोलणारा माणूस. “दादा, घेऊ नका, नुसता घालून बघा.” घातला आणि खरं सांगतो, पाय ढगावर ठेवल्यासारखा वाटला. आत जाड मऊ फोम, वजनाला पळायच्या बुटाइतका. एवढा हलका कसा, असं मी विचारलं. म्हणाला, लोखंड नाहीच, बोटांवर फायबरची टोपी आहे, कंपोझिट. मग त्याने त्याच्याजवळचा एक जोड काढला, टोकावर हातोडी तीन वेळा जोरात मारली आणि हात घालून आतून दाखवलं, काही झालं नव्हतं. तो जोड त्याने आमच्यापैकी कुणाच्याही हातात दिला नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

जिभलीवर आयएसआयचा शिक्का होता. डब्यावर किंमत २,८९९, आम्हाला १,४५०. मी लाइनवर सांगितलं आणि बारा जण तयार झाले. १७,४०० रुपये मी माझ्या मोबाइलवरून पाठवले, तेही कुणा माणसाच्या नावावर, दुकानाच्या नाही. बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ लिहिलेला चिठोरा मिळाला. उदगीरकडचा एक पोरगा आहे, नवीन लागलेला. पैसे देताना म्हणाला, “काका, तुम्ही घेताय म्हणून घेतोय.”

पहिले पंधरा दिवस सगळे खूश होते. मग फोम बसला. टाचेखाली कडक काहीतरी टोचायला लागलं. तेव्हाही मी म्हटलं, बूट पायाला बसतोय, थोडा वेळ लागेल.

जूनमध्ये प्रेसचा डाय, म्हणजे साचा, बदलताना टेबलाच्या कडेवरून क्लॅम्प घसरून त्या पोराच्या पायावर पडला. क्लॅम्प चार किलोचा, उंची कमरेएवढी. त्याची टोपी चेपून आत गेली आणि तिची मागची कड बोटांवर बसली. अंगठ्याचं नख निघालं, शेजारच्या बोटाचं हाड मोडलं. बूट पायातून निघेना, नाडी आणि वरचं कातडं कापून काढावा लागला. त्याचं ओरडणं अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझा जोड टूलरूममध्ये नेला. डायल गेज या मोजायच्या साधनाचा चुंबकाचा बेस टोकाला लावला, तर तो चटकन चिकटला. फायबरला चुंबक चिकटत नाही. बूट उभा कापला. आत डब्याच्या पत्र्यासारखा पातळ पत्रा होता, कड न दुमडलेली, हाताला लागेल अशी धारदार. फोमखाली पुठ्ठा होता, घामाने लगदा झालेला. म्हणजे ज्या हलकेपणावर आम्ही भाळलो, तो हलकेपणा म्हणजे जे घालायला हवं होतं ते न घातल्याचं वजन होतं. खरा फायबर टोपीचा बूटही हलका असतो, पण हा तो नव्हता.

मग सेफ्टी ऑफिसरांनी बसवून समजावलं, ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे सेफ्टी शूजचं मानक आयएस १५२९८ आहे. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची टोपी २०० जूलचा आघात झेलते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी बोटांना जागा उरते. वर सुमारे दीड टनाचा दाबही सोसावा लागतो. भाग ३ ची टोपी १०० जूलची. भाग ४ मध्ये टोपीच नसते आणि तोही ‘इंडस्ट्रियल शूज’ म्हणून विकला जातो, म्हणून भाग कोणता ते वाचायचंच. आमच्या क्लॅम्पचा हिशेब केला तर ३५ जूल भरतो. तेवढाही त्या पत्र्याने झेलला नाही.

खऱ्या आयएसआय शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, बीआयएस केअर हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की नाही, ते समोर येतं. आमच्या बुटावरचा क्रमांक टाकला, तो बुटांचा परवानाच नव्हता. दोन मिनिटांचं काम होतं आणि मी ते गेटवर उभा असताना करू शकलो असतो.

बाकीच्यांच्या बुटांनी पावसाळ्यात दगा दिला. आषाढात एकाचा सोल चालता चालता भाकरीच्या तुकड्यांसारखा गळाला. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, डब्यात न वापरता पडून राहिला तरी. जुना माल ओळखायचा तर बनवल्याचं वर्ष बुटावर बघायचं, डब्यावर नाही. आमच्या डब्यावर याच वर्षाचं स्टिकर होतं, ते सोलल्यावर खाली दुसरं निघालं.

पाय दुखतो म्हणून माणूस मऊपणा शोधतो आणि हीच दुखरी जागा विकणाऱ्याला माहीत असते. आता मी बूट घेतो तो शिफ्ट संपल्यावर, संध्याकाळी, पाय सुजलेला असताना, कामावरचेच मोजे घालून. टोपी पुढे सैल होईल ही आशा नाही, कातडं सैलावतं, टोपी नाही. म्हणून आतला सुकतळा काढून जमिनीवर ठेवतो आणि त्यावर उघडा पाय ठेवून बघतो. पंजा दोन्ही बाजूंनी बाहेर आला तर तो बूट माझा नाही. पुढे बोटभर जागा हवी. मग घालून उकिडवा बसतो, पाच मिनिटं तरी. टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल तर ती त्याच वेळी कळते, उभं राहून कधीच कळत नाही. सोल दोन थरांचा बघतो, आत नरम, खाली कडक. फोम अंगठ्याने दाबून बघण्यात काही अर्थ नाही, दुकानात सगळेच फोम छान असतात. जीएसटीचं बिल घेतो. स्टोअरला सात नंबर नाही म्हटलं तर लेखी मागतो. हे मी दोन वर्षं आधी केलं असतं तर टेम्पोकडे वळलोच नसतो.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, बीआयएसच्या अ‍ॅपवर फोटोसकट खोट्या शिक्क्याचीही केली. विकणाऱ्याचा नंबर बंद आहे. बिल नाही, दुकान नाही, त्यामुळे पुढे सरकत नाही. पैसे आलेले नाहीत. पोराचे १,४५० मी परत केले. घेत नव्हता, त्याच्या आईच्या हातात दिले. सहा आठवड्यांनी तो कामावर आला, बोट अजून पूर्ण वाकत नाही.

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एका ड्रायव्हरने सांगितलं, तळेगावच्या बाजूला एका गेटबाहेर तसाच टेम्पो उभा असतो. शिफ्ट सुटायच्या वेळी, दुपारी तीनच्या सुमारास. निळे डबे, खाली चटई आणि हातोडी.